तीन मडक्यांचा कंपोस्ट डबा: सात महिन्यांनंतर

मातीची भोकं पाडलेली तीन मडकी, एकावर एक. कोथरूडच्या आमच्या बाल्कनीत हा मनोरा सात महिने उभा आहे. पाचपैकी साडेतीन तारे.

आधी प्लॅस्टिकच्या बादलीत करून पाहिलं होतं. तळाशी पाणी साचून असा दर्प सुटला की शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. मडकं ओल शोषतं, हवा खेळते, म्हणून तो प्रकार इथे नाही. भाजीची देठं, चहाचा चोथा, केळ्याची सालं घालायची, वर तेवढाच वाळका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी गळू नये. पहिलं खत अडीच महिन्यांनी हाती आलं.

आता तक्रारी. झाकण टवका उडालेलं आलं, विक्रेत्याने बदलून द्यायला तीन आठवडे लावले. 'आठवड्यातून एकदा ढवळा' म्हणे! जुलैत दिवसाआड ढवळावं लागलं. त्यात पांढुरक्या अळ्या दिसल्या नि मी किंचाळलेच. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या. चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. सासूबाई अजून तिकडे फिरकत नाहीत. चिलटांवर मूठभर कडुनिंबाची पेंड चालली.

एक गंमत झाली. रोज काय टाकतोय ते डोळ्यांसमोर येतं, मग टाकवत नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी पुन्हा सुरू झाली, शिळ्या पोळ्यांचा कुस्करा होतो. वरचं मडकं पूर्वी महिन्यात भरायचं, आता दीड महिना लागतो.