टिंकलची वर्गणी: सुपंडी पसंत, कुरिअरची घडी नापसंत

गेल्या आठवड्यात टिंकल या मुलांच्या इंग्रजी चित्रकथांच्या नियतकालिकाचा अंक पुन्हा तसाच आला, मधोमध घडी घालून गेटच्या जाळीत कोंबलेला. वरून पाऊस. मुखपृष्ठावरच्या सुपंडीच्या, म्हणजे टिंकलमधल्या भोळ्या घरगड्याच्या, चेहऱ्यावरून पांढरी रेघ गेलेली, आतली पानं एकमेकांना चिकटलेली. सुटी करायला गेलं की रंग शेजारच्या पानावर. म्हणून आज लिहायला बसले.

टिंकलबद्दल जास्त सांगत बसत नाही, आपण सगळे त्यावरच वाढलो. तिसरीतल्या पोरीसाठी वर्गणी भरून काही महिने झाले, त्याचा हा अनुभव.

आधी कुरिअर. घर नागपूरच्या प्रतापनगरात, तळमजल्यावर, बेल चालू. तरी कुणी बेल वाजवत नाही. कुरिअरच्या ऑफिसात फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, डिलिव्हर्ड दाखवतंय." पुरावा म्हणून जाळीत अडकवलेल्या अंकाचा फोटो, आणि त्या फोटोतही घडी स्पष्ट दिसते. तोच फोटो मी त्यांना परत पाठवला, तरी ढिम्म. नागपूरचा जुलै माहीत असलेला माणूस कागद असा उघड्यावर टाकून जातोच कसा? मुलांचा अंक एकदा वाचून रद्दीत जात नाही. तो जेवताना वाचतात, मैत्रिणीला देतात, भांडून परत आणतात. पहिल्याच दिवशी तो मोडलेला हातात आला की पैशापेक्षा जीव जास्त जळतो.

शेवटी फॅब्रिकेटरकडून पत्र्याची चपटी पेटी करून घेतली. अंक आडवा मावतो, झाकणाला उतार आहे, पाणी आत जात नाही. तो खर्च मी वर्गणीतच धरते. तो धरूनही पैसे वसूल आहेत, आणि ते सुपंडीमुळे.

खरं तर सुरुवातीला सुपंडीच मला खटकत होता. आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात. घरकाम करणाऱ्या माणसाच्या बावळटपणावर हसणं पोरीने शिकावं का, या नजरेने मी पहिले अंक वाचले. वाचता वाचता मत बदललं. सुपंडी काम टाळत नाही, कुणाला फसवत नाही, सांगितलं तेच्या तेच करतो. घोळ असतो तो सांगणाऱ्याच्या अर्धवट सांगण्यात. पोरीने हे माझ्याआधी ओळखलं. मे महिन्यात तिला म्हटलं, "कुलरमधलं पाणी पाहून ये गं." गेली, आली, परत अंकात डोकं.

"अगं, किती आहे?"

"किती ते कुठे विचारलंस? पाहून ये म्हणालीस, पाहिलं."

टाकी रिकामी होती, कुलरच्या गवती ताट्या कोरड्या ठणठणीत. मी मात्र खूश झाले. हा विनोद कळायला वाक्य शब्दाशब्दाने वाचावं लागतं. नुसती चित्रं पाहून पान उलटणारी पोरगी आता एकच चौकट दोनदा वाचते, इंग्रजी शब्द अडला तर विचारते. पाठ्यपुस्तकाने हे घडलं नव्हतं.

अनंत पैंनी टिंकल 1980 मध्ये सुरू केलं, सुपंडी 1983 मध्ये आला, त्रिचीच्या एका वाचकाने पाठवलेल्या गोष्टींमधून. त्याला रूप दिलं राम वाईरकरांनी, आणि ते गेल्यावर त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर हिने तो पुढे काढला. म्हणून बर्डीच्या बाजारातून आणलेल्या जुन्या टिंकल डायजेस्टमधला (गोष्टींच्या जाड संग्रहातला) सुपंडी नव्या अंकाशेजारी ठेवला तरी पोरीला तो परका वाटत नाही. टिंकलमधलाच शिकारी शंभू वसंत हळब्यांनी काढलेला, कालिया कावळा प्रदीप साठ्यांनी. एवढे मराठी हात त्यात आहेत, हे मी तिला मुद्दाम सांगितलं. तिला त्याहून मोठा प्रश्न पडलाय. शंभूचे डोळे कायम टोपीखाली, म्हणून ती पान तिरकं धरून खालून डोकावून पाहते.

वर्गणी मी पुन्हा भरणार आहे. ज्यांना कुरिअरची कटकट नको, त्यांनी जुने डायजेस्ट शोधावेत. जाड असतात, स्वस्त पडतात, कुणी घडी घालू म्हटलं तरी जमत नाही. मूल पहिली-दुसरीत असेल तर अंक देऊन मोकळे होऊ नका, सुरुवातीला शेजारी बसून वाचा. आणि वर्गणी भरणार असाल तर पेटी पावसाळ्याआधी करून घ्या, नंतर फॅब्रिकेटर लवकर हाती लागत नाही.