मेडिकेअरचे जास्तीचे पैसे आले, आता परत कुणाकडे करायचे?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एकट्या डॉक्टरचं क्लिनिक धरा. डॉक्टर डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येतात. त्या काळात पेशंट नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः तपासून उपचार करू शकणारी जादा शिकलेली नर्स, बघते, पण क्लेम सवयीने डॉक्टरांच्याच बिलिंग नंबरावर जातात. नर्स प्रॅक्टिशनरच्या नंबरावर मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, डॉक्टरच्या दराच्या 85 टक्के देतं, डॉक्टरच्या नंबरावर पूर्ण. पूर्ण दर मागायचा तर डॉक्टरची देखरेख हवी, आणि लग्नाच्या मांडवात फोन बंद करून बसलेल्याची देखरेख धरत नाहीत. आता नव्या बिलरने, म्हणजे बिलं बनवून पाठवणारीने, हे दाखवून दिलंय, आणि हिशोब मागे सहा वर्षांपर्यंत काढावा लागतो.

गप्प बसणं हा पर्याय आधीच खोडून टाका. जादा रक्कम लक्षात आल्यापासून 60 दिवसांत कळवून परत करायची असते. 1 जानेवारी 2025 पासून, प्रामाणिकपणे चौकशी चालू असेल तर ही मुदत जास्तीत जास्त 180 दिवस थांबते. जाणूनबुजून दाबून ठेवलं की फॉल्स क्लेम्स ॲक्ट, म्हणजे सरकारकडून खोटे पैसे उकळण्याविरुद्धचा कायदा, लागतो: नुकसानीच्या तिप्पट, शिवाय दर क्लेममागे दंड, 2025 च्या आकड्यांनी 14,308 ते 28,619 डॉलर. म्हणजे शंभराच्या बिलात पंधरा डॉलर जास्त घेतले तरी दंडाचा आकडा हाच. आणि ही गोष्ट क्लिनिकमधल्या कुणालाही सरकारच्या वतीने कोर्टात नेता येते, वसुलीतले 15 ते 30 टक्के त्याचे. सरकारी वर्ष 2024 मध्ये असे 979 दावे दाखल झाले. सप्टेंबर 2024 मध्ये फ्लोरिडातल्या एका फेडरल न्यायाधीशांनी असे खाजगी दावे घटनाबाह्य ठरवले, हे खरं. पण ते प्रकरण अपिलात गेलं, आणि सरकारला स्वतः दावा लावायला कुणी अडवलेलं नाही. त्या निकालाच्या भरवशावर झोपू नका.

सगळ्यात सरळ वाट म्हणजे मेडिकेअरची बिलं हाताळणाऱ्या कंत्राटदाराकडे रिफंड. न्यू जर्सीसाठी तो नोव्हिटास. फॉर्म भरायचा, हिशोब जोडायचा, चेक पाठवायचा. जेवढं जास्त घेतलं तेवढंच परत, वर काही नाही. उणं एवढंच, की कंत्राटदार पैसे जमा करून घेतो, कायद्याच्या जबाबदारीतून मोकळं करत नाही. उद्या न्याय खात्याने विचारलं तर चेकची पावती दाखवता येईल, सुटकेचा कागद नाही.

दुसरी वाट आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांकडे, म्हणजे ओआयजीकडे, स्वतःहून खुलासा करायची. इथे साधारणपणे नुकसानीच्या दीडपट भरावे लागतात आणि तडजोड किमान 20,000 डॉलरची. मामला कमिशनचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल पैसे दिल्याघेतल्याचा असेल तर किमान 1,00,000. कायदा मोडला गेला असावा असं लेखी मान्य करावं लागतं, आणि तडजोड ओआयजीच्या वेबसाइटवर नावासकट झळकते. आपल्या लोकांना पैशापेक्षा हेच जास्त झोंबतं! बदल्यात काय मिळतं, तर मेडिकेअरमधून बाहेर काढलं जाण्याची टांगती तलवार सहसा दूर होते. मेडिकेअरवर चालणाऱ्या क्लिनिकला ते दीडपटीपेक्षा कितीतरी मोलाचं.

यातली कुठली, हे रकमेवरून ठरवू नका. जुने ईमेल काढा. बिलरने विचारलेलं असतं, 'सर, तुम्ही नसताना हे कुणाच्या नंबरावर टाकू?' उत्तरात काहीच नसेल, नियमच कुणाला माहीत नव्हता, तर कंत्राटदाराचा रिफंड पुरतो. पण 'नियम माहितीये, तरी नेहमीसारखंच टाक' असं उत्तर सापडलं, तर तो साधा घोळ राहत नाही. अशा वेळी गुपचूप चेक पाठवणारा डॉक्टर स्वस्तात सुटल्यासारखा दिसतो, आणि तो ईमेल बिलरकडेही असतो. तिथे मी ओआयजीचीच वाट धरायला सांगेन. त्याहून गंभीर असेल, म्हणजे न झालेल्या तपासण्यांची बिलं वगैरे, तर थेट न्याय खात्याकडे, वकिलामार्फत. माहिती हाती आल्यापासून 30 दिवसांत, कारवाई सुरू होण्याआधी सगळं सांगून पूर्ण सहकार्य केलं, तर कोर्टाला तिपटीऐवजी दुपटीवर थांबता येतं.

स्टार्क कायद्याचा, म्हणजे डॉक्टरने स्वतःचे किंवा घरच्यांचे आर्थिक संबंध असलेल्या ठिकाणी पेशंट पाठवण्याविरुद्धच्या कायद्याचा, खुलासा मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएस या सरकारी संस्थेकडे करतात, पण तो फक्त स्टार्कच्या भानगडींसाठी: नवऱ्याच्या लॅबकडे बायकोने पेशंट पाठवणं, करार संपला तरी भाडं तसंच चालू राहणं. तिथे हेतू बघत नाहीत, आणि रक्कम कमी करायचा अधिकार सीएमएसला आहे. वरच्या क्लिनिकला याचा उपयोग नाही. उगाच तिकडे अर्ज टाकू नका.

हिशोब स्वतः करायला बसण्याआधी वकील नेमा आणि ऑडिटर त्यांच्यामार्फत आणा, म्हणजे त्यांच्यातली चर्चा बऱ्याच अंशी गोपनीय राहते. ज्या बिलरने चूक दाखवली तिला कामावरून काढायचा विचार मनात असेल तर तो आजच सोडा. सूड घेतल्याचा दावा वेगळा लागतो आणि थकलेला पगार दुप्पट द्यावा लागतो. मेडिकेडचे, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी विम्याचे, पेशंटही त्याच तीन आठवड्यांत आलेले असतील, तर ते पैसे वेगळे मोजा. ते न्यू जर्सीच्या राज्य नियंत्रकांच्या मेडिकेड फ्रॉड विभागाकडे जातात.