कानाला नळी की हवेचं मीटर?

एमजीबी म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, इंजिन १७९८ सीसीचं, त्यावर दोन एसयू कार्ब (हवेत पेट्रोल मिसळणारे कार्बोरेटर), दोघांनी सारखी हवा ओढली नाही तर आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, गाडी नुसती थरथरते. ती हवा सारखी करायला एकतर कानाला नळी, नाहीतर हवा मोजायचं मीटर, काकांच्या गाडीवर दोन्ही प्रकार करून बघितले, होटगी रोडच्या शेडमध्ये, तेपण सोलापूरच्या एप्रिलात!

नळीचं सोपं आहे, हातभर रबरी नळी, एक टोक कानाला, दुसरं कार्बच्या तोंडाशी, आणि सूसू आवाज दोन्हीकडं सारखा येईपर्यंत आयडल स्क्रू फिरवायचा. खर्च काहीच नाही, पण नळी एकीकडं जरा आत धरली की कान फसतो, त्यात बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला की परत पहिल्यापासून. काका म्हणे, "तुला ऐकू येतंय का काय बी?"

मीटरला काटा असतो, फिल्टर काढून तोंडावर दाबून धरायचं, आकडा वाचायचा, विषय संपला. मला तरी मीटरच बरं वाटलं.

पण लिंकेज (दोन्ही कार्बना जोडणारी दांडी) विसरलात तर दोन्ही फुकट. आधी मधल्या दांडीचे क्लॅम्प ढिले करा, नाहीतर एक स्क्रू फिरवला की दुसरं कार्बपण हलतं आणि तुम्ही तासभर चक्रावता (आम्ही चक्रावलो). सेट झाल्यावर क्लॅम्प असे आवळा की दोन्ही थ्रॉटल (कार्बमधल्या हवेच्या झडपा) एकदमच उघडतील, मग १५०० आरपीएमला परत चेक करा, तिथं मीटरच लागतं, इंजिनच्या आवाजात नळीचं काय ऐकू येणार.

मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) मात्र दोन्हीत कळत नाही, त्याला कार्बमधला पिस्टन थोडा उचलून बघावा लागतो, इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), स्पीड वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त).