आठ महिने साइडबँडच्या मागे

धातूतल्या बारीक भेगा कंपनाने शोधायचा हा सेटअप जुळवला तेव्हा वाटलं होतं, आता नेहमीच्या अल्ट्रासॉनिक तपासणीला सुट्टी. तसं काही झालं नाही. पण तिला जे दिसत नाही त्यातलं बरंच काही हा पकडतो, एवढं आठ महिन्यांनंतर खात्रीने सांगतो.

नेहमीची पद्धत प्रतिध्वनीवर चालते. पोलादात ५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १.२ मिलिमीटर, तिच्या निम्म्याहून बारीक दोष सहसा हाती लागत नाही. त्यात फॅटिगची, म्हणजे वारंवार ताण पडून आलेली, भेग मिटलेली असली, दोन्ही काठ घट्ट टेकलेले असले, की लहर सरळ पलीकडे जाते. मी नमुना १.३ किलोहर्ट्झने जोरात हलवतो आणि त्याच वेळी त्यातून २०० किलोहर्ट्झची लहर सोडतो. धड धातूत दोघी आपापल्या वाटेने जातात. भेग असेल तर ती कंपनाबरोबर उघडते-मिटते आणि वरची लहर त्या तालावर कमी-जास्त होते. मग स्पेक्ट्रमवर, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या आलेखावर, १९८.७ आणि २०१.३ किलोहर्ट्झला दोन सुळके उभे राहतात. हेच साइडबँड.

पहिले दोन महिने माझ्याकडच्या प्रत्येक नमुन्याला भेग होती! नुकत्याच कापलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यालासुद्धा. चोर निघाला क्लॅम्प. किंचित सैल बोल्टही उघडतो-मिटतोच की. नमुना दोऱ्यांवर टांगला आणि सुळके गायब. भेगेमुळे उमटणाऱ्या दुसऱ्या हार्मोनिकवर (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुपटीवर) काम करू म्हटलं, तर ॲम्प्लिफायर स्वतःच तो तयार करून पाठवत होता. आता त्याच मापाचा धड तुकडा आधी लावल्याशिवाय मी कुठलाच आकडा मानत नाही.

सगळे कष्ट फिटले ते इंजिनाच्या एका जुन्या कनेक्टिंग रॉडवर. प्रतिध्वनी स्वच्छ, डाय पेनिट्रंटही (भेगेत शिरून ती दाखवणारा लाल रंग) स्वच्छ, साइडबँड मात्र ठळक. कंपन वाढवलं की रॉडची रेझोनन्स फ्रिक्वेन्सीही, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला तो सर्वांत जोरात घुमतो तीही, थोडी खाली सरकायची. शेवटी रॉड हलक्या ताणाखाली धरून पुन्हा डाय लावला. मोठ्या टोकाजवळच्या गोलाईत केसाएवढी लाल रेघ उमटली. मी ती बराच वेळ नुसती बघत बसलो.

तक्रारी आहेतच. भेग आहे एवढं कळतं, कुठे ते कळत नाही. जागा शोधायला पुन्हा जुनाच प्रोब हातात घ्यावा लागतो. घाईचं तर कामच नाही. जोरात हलवल्यावर भेगाळलेली वस्तू काही काळ थोडी मऊच राहते आणि हळूहळू पूर्वपदावर येते. वालुकाश्मात हे फारच ठळक दिसतं. लगेच दुसरं मोजमाप घेतलं तर आकडा जुळत नाही, म्हणून मध्ये चहा होतो.

गेल्या आठवड्यात एका चांगल्या नमुन्यावर पुन्हा सुळके दिसले. दोरे तपासले, केबल बदलली, अर्धा दिवस गेला. नमुन्यावर चिकटवलेल्या पिझो डिस्कखालचा (विजेवर थरथरणाऱ्या चकतीखालचा) गोंद एका कडेने सुटला होता.