ट्वीन डॉट जेएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

विक्रीच्या आकड्यांचा एक डॅशबोर्ड आणि थ्री डॉट जेएस या ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रे काढणाऱ्या लायब्ररीवर उभारलेले एक त्रिमितीय दालन, अशा दोन कामांसाठी मी ट्वीन डॉट जेएस ही जावास्क्रिप्टची लायब्ररी (तयार कोडचा संच) गेले काही महिने वापरत आहे. दिलेल्या ऑब्जेक्टमधील संख्या ठरावीक मिलिसेकंदांत एका मूल्यावरून दुसऱ्यावर नेणे एवढेच तिचे काम. ती संख्या पुढे मजकुरात दाखवायची की कॅमेऱ्याच्या स्थानाला द्यायची, याच्याशी तिला देणेघेणे नाही.

हा अलिप्तपणा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. थ्री डॉट जेएसमध्ये दर फ्रेमला चित्र नव्याने काढणारा लूप बहुधा आधीच असतो. त्यातच ट्वीन डॉट जेएसला पुढचे मूल्य काढायला सांगणारी अपडेटची एक ओळ घातली की कॅमेरा सरकू लागतो. ती ओळ राहिली तर मात्र काहीच हलत नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलवर (त्रुटी दाखवणाऱ्या खिडकीत) त्रुटीही दिसत नाही. जुन्या उदाहरणांत सर्व ट्वीन (म्हणजे एका मूल्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या हालचाली) एकाच सामायिक गटात आपोआप जात असत, अलीकडच्या आवृत्त्यांत गट आपणच तयार करून त्यात ट्वीन घालायचे असतात. त्यामुळे जुना कोड जसाच्या तसा उचलणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो.

वेगाचे चढउतार ठरवणारी ईझिंग फंक्शन्स रॉबर्ट पेनर या प्रोग्रॅमरच्या समीकरणांवर आधारलेली आहेत. त्यांतील इलॅस्टिक आणि बॅक हे प्रकार लक्ष्य ओलांडून मागे येतात, म्हणजे १,२५,००० रुपयांची विक्री क्षणभर त्याहून जास्त दिसते. पैशांच्या आकड्याला हे शोभत नाही, तिथे क्युबिक आउट, म्हणजे लक्ष्य न ओलांडता शेवटी हळू होत थांबणारा प्रकार, पुरते.

आकडे मराठीत दाखवताना खरे काम लायब्ररीबाहेरच आहे. ब्राउझरमधील इंटल नंबरफॉरमॅट या आकडे मांडणाऱ्या सोयीला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाचा संकेत) दिले की देवनागरी अंक आणि लाखांप्रमाणे स्वल्पविराम मिळतात. पण मधली मूल्ये अपूर्णांकात येत असल्यामुळे ती आधी पूर्णांकात आणावी लागतात, आणि हा फॉरमॅटर दर फ्रेमला नव्याने न बनवता एकदाच बनवून ठेवावा लागतो. अंकांच्या रुंदी सारख्या नसलेल्या फॉन्टमध्ये आकडा धावताना शेजारचा मजकूर थरथरतो, म्हणून त्या चौकटीला किमान रुंदी देणे बरे.

लायब्ररीचे गणित फ्रेमच्या संख्येवर नसून वेळेवर चालते, त्यामुळे ६० हर्ट्‌झ आणि १२० हर्ट्‌झच्या पडद्यांवर कालावधी सारखाच राहतो. टॅब पार्श्वभूमीला गेला की ब्राउझर फ्रेम देणे थांबवतो आणि परतल्यावर आकडा थेट शेवटच्या मूल्यावर उडी घेतो. डॅशबोर्डला ते चालते, दालनातील कॅमेऱ्याला नाही, तिथे टॅब लपताच पॉज आणि परतताच रिझ्यूम करावे लागते.

चालू हालचालीच्या मध्येच लक्ष्य बदलणे ही ट्वीन डॉट जेएसची उणी बाजू. जुने ट्वीन थांबवून आहे त्या मूल्यापासून नवे सुरू करता येते, परंतु आधीचा वेग पुढे जात नाही आणि तो सांधा डोळ्याला जाणवतो. म्हणूनच बोटाने ओढून सोडायच्या पॅनेलसाठी मी स्प्रिंगचे गणित करणारी दुसरी लायब्ररी ठेवली आहे.