द्राक्षबागेतल्या जुन्या मिनी ट्रॅक्टरचा क्लच: लाइनिंग मारून घ्यावी की पूर्ण सेट टाकावा?

दिंडोरी तालुक्यात गोडी छाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, ट्रॅक्टरला उसंत नसते. पोंगा (कोवळा अंकुर) फुटला, आभाळ भरून आलं की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने फवारणीचा ब्लोअर रोज बाहेर. टाकी भरलेली, खाली ओली माती आणि ओळीच्या टोकाला प्रत्येक वळणावर हाफ क्लच, म्हणजे पेडल अर्धवट दाबून चालवणं. म्हणून जुन्या ट्रॅक्टरचा क्लच बहुधा याच दिवसांत दगा देतो. मग प्रश्न पडतो, जुन्या क्लच प्लेटला नवी लाइनिंग (पकड देणारा थर) मारून घ्यायची की प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग असं सगळंच बदलायचं. माझ्या एकाच ट्रॅक्टरवर मी दोन्ही केलंय.

आधी क्लचच गेलाय ना, हे बघा. लाइनिंग झिजत जाते तसे प्रेशर प्लेटचे फिंगर (बेअरिंग ज्यांवर दाबतं ती बोटं) बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा मोकळा प्ले कमी होतो. प्ले उरलाच नाही तर चांगली प्लेटसुद्धा घसरते, म्हणून पहिल्यांदा पेडलच्या रॉडची सेटिंग करा. प्ले बरोबर असूनही चढाला इंजिनचा आवाज वाढतो आणि चाकं तिथेच रेंगाळतात, तर प्लेट घसरतेय. एकेरी क्लचच्या, म्हणजे चाकं आणि ब्लोअर एकाच प्लेटवर चालणाऱ्या ट्रॅक्टरवर मला आणखी एक खूण कानाने कळली: इंजिन चढत होतं आणि त्याच वेळी ब्लोअरच्या पंख्याचा आवाज उतरत होता. गिअर टाकताना खरखर होत असेल तर तो वेगळा आजार, तिथे क्लच पूर्ण सुटत नाही. बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) खालच्या भोकातून तेल गळत असेल तर आधी सीलचं काम. तेल प्यायलेल्या जागी नवी लाइनिंगही टिकत नाही.

लाइनिंगची वाट स्वस्त, यात वाद नाही. मला नव्या सेटच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पडली. जुनी प्लेट नाशिकला नेली, रिव्हेट काढून नवी लाइनिंग मारून संध्याकाळी परत. प्लेटच्या मधल्या हबचे आटे (शाफ्ट बसायच्या खाचा) शाबूत असतील, मधल्या स्प्रिंगा खुळखुळत नसतील आणि कारागीर हातचा चांगला असेल, तर अशी प्लेट नीट पकडते. माझीही पकडली. लाइनिंगबद्दल माझी आजही तक्रार नाही.

तक्रार बेअरिंगची आहे. पैसे वाचवायचे म्हणून मी जुनंच रिलीज बेअरिंग परत बसवलं. हाताने फिरवून पाहिलं तेव्हा ठीक वाटलं होतं. नोव्हेंबरात पेडल दाबलं की चीं असा आवाज यायला लागला, आठवड्याभरात ते करकरायला लागलं. आता हे तळहातावर मावणारं बेअरिंग, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला अख्खा ट्रॅक्टर फोडावा, म्हणजे मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. पुढे-मागे लाकडी ठोकळे, जॅक, वायरिंग सोडा, डिझेलची नळी सोडा, हायड्रॉलिकचे पाइप सोडा, फोर व्हीलमध्ये पुढचा शाफ्टही काढा. मग जोडताना शाफ्ट प्लेटच्या आट्यांत बसेपर्यंत दोघांनी घाम गाळायचा. मजुरी पुन्हा पहिल्याइतकीच. ते दोन दिवस बाहेर दव पडत होतं आणि मी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रिकामा व्हायची वाट पाहत बांधावर उभा होतो. त्याने नाही म्हटलं नाही, पण त्याचीही बाग त्याच अवस्थेत होती. तो खर्च आणि ती घालमेल मी लाइनिंगमध्ये वाचवलेल्या पैशांशेजारी ठेवून पाहिली, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

त्या दुसऱ्या वेळी पूर्ण सेट टाकला. फ्लायव्हीलवर (प्लेट जिथे चिकटते त्या इंजिनच्या जड चाकावर) निळे डाग आणि बारीक तडे दिसले म्हणून लेथवर हलका कट मारून घेतला. पायलट बेअरिंग (शाफ्टचं टोक धरणारं) आणि दोन्ही बाजूंची ऑइल सीलं नवीन टाकली, ती तशी चिल्लर रकमेची. फिंगरची उंची सारखी लावून घेतली. हे मिस्त्रीकडून समोर उभं राहून करून घ्यावं, कारण एक फिंगर मागेपुढे राहिला तर क्लच थरथरतो. तेव्हापासून तीन हंगाम पेडल हलकं आहे आणि वळणावर ट्रॅक्टर हळुवार उचलतो. मोजमाप माझ्याकडे नाही, पायाला जाणवतं तेवढं सांगतोय.

लाइनिंगऐवजी सिरॅमिकच्या बटणांची प्लेटही कोणी सुचवेल. ती झटक्यात पकडते, आणि बागेतल्या अरुंद ओळीत झटका म्हणजे खांब किंवा ओलांडा (वेलीची आडवी फांदी) गेलाच. मी त्या वाटेला गेलो नाही.

तरी प्रत्येकाने पूर्ण सेटच घ्यावा असं मी म्हणणार नाही. ट्रॅक्टर वर्षातून थोडाच चालत असेल, एखाद्या वर्षात विकायचा असेल, किंवा प्रेशर प्लेट अलीकडेच बदलली असेल, तर लाइनिंग पुरेल. पण तेव्हाही रिलीज बेअरिंग मात्र नवीनच घ्या. आणि जुलै-ऑगस्टात पेडलचा प्ले पुन्हा पुन्हा लावावा लागत असेल, तर तेव्हाच ट्रॅक्टर फोडून घ्या. त्या दिवसांत बाग दोन दिवस थांबू शकते, ऑक्टोबर छाटणीनंतर ती थांबत नाही.