दुखणं छान सांभाळतात, वयही बघायला हवं

राजापूर-लांजा पट्ट्यातल्या वाड्यांवर दर पंधरा दिवसांनी फिरणाऱ्या, कॅन्सर रुग्णांसाठीच्या घरपोच सेवेबद्दल. एक डॉक्टर, एक नर्स. गाडी रस्त्यापर्यंत येते, पुढे पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून दोघं बॅगा घेऊन घरात. पावसातही फेरी चुकत नाही. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या वाऱ्या करून दमलेल्या घरांना याचं मोल कळतं.

वेदनेचं काम चोख. मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी घड्याळ लावून, दुखायची वाट न बघता; सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ राहण्याचं औषध. किडनी थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला डोस कमी आणि दोन गोळ्यांमधलं अंतर जास्त, हेही पाळतात. सत्तरीपुढची माणसं "एवढं दुखायचंच" म्हणून गप्प बसतात. म्हणून नर्स "दुखतंय का?" एवढ्यावर थांबत नाही, "रात्री कितीदा जाग आली? न्हाणीपर्यंत चालवलं का?" असं विचारते. मागीलदारची शेवाळलेली न्हाणी हा पडण्याचा मोठा धोका, त्यामुळे कमोडची खुर्ची आणि रात्रीचा दिवा यांची सोय आधी करून घेतात. तोंड आलं असेल तर सोलकढी, लोणचं बंद आणि कोमट मऊ पेज चालू. सल्ला इथल्या चुलीला धरून असतो, हे फार आवडलं.

कमी पडतात ते तरुणांच्या बाबतीत. विशीच्या मुलाला आणि ऐंशीच्या आजोबांना नावनोंदणीचा फॉर्म एकच! पस्तिशीतल्या बाईचे प्रश्न वेगळे: मुलांना काय सांगू, कामावर परत कधी, पुढे मूल होईल का. यातला शेवटचा प्रश्न केमोच्या आधीच सुटायला हवा. वीर्य एक-दोन दिवसांत साठवता येतं, स्त्रीबीज गोठवायला साधारण २ आठवडे लागतात. पथक मात्र बहुतेकदा केमो सुरू झाल्यावर पोहोचतं. उलटीवर सरसकट मेटोक्लोप्रमाइड देतात, हेही बदलायला हवं. लहान मुलांत आणि तरुणांत त्याने मान-जबडा आखडण्याचा धोका जास्त. तिथे ऑन्डानसेट्रॉन बरं.

घरी देतात ते तापाचं पत्रकही अपुरं आहे. केमोनंतर १००.४ फॅरनहाइट ताप दिसला की तडक दवाखाना आणि ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल नाही, हे बरोबरच. पण म्हाताऱ्यांत जंतुसंसर्ग होऊनही कधी ताप चढत नाही. ग्लानी, असंबद्ध बोलणं, एकाएकी जेवण तुटणं हीच तिथली खूण, आणि पत्रकात तिचा उल्लेख नाही.

लहान मुलांसाठी चेहऱ्यांचा वेदना-तक्ता आणतात (किती दुखतंय ते चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवायचं), छान. रेल्वे सवलतीचा फॉर्म उपचाराच्या रुग्णालयातून कसा भरून घ्यायचा तेही नीट समजावतात. स्लीपरला रुग्णाचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट.

नाव नोंदवताना वय, केमो कधी सुरू होणार आणि घरात लहान मुलं आहेत का, हे स्वतःहून सांगा. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.